निषेधाची अनेक नावे

आमच्या लोणार भागात निषेधाची सुरुवात बहुतेक वेळा एका कागदाने होते. झेरॉक्सच्या दुकानात टाईप केलेला ए-फोर कागद. वर 'प्रति, मा. तहसीलदार साहेब', त्याखाली 'विषय', मग 'महोदय, उपरोक्त विषयी विनंती करण्यात येते की'. कागद पीकविम्याचा असो, पाणीटंचाईचा असो की पांदण रस्त्याचा, शेवटचा परिच्छेद ठरलेला असतो: सात दिवसांत मागणी मान्य न झाल्यास लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल आणि होणाऱ्या परिणामास प्रशासन जबाबदार राहील. खाली सह्या, काही अंगठे, आणि 'प्रतिलिपी: ठाणेदार साहेब'. आवक विभागात एक प्रत जमा होते, दुसरीवर शिक्का बसतो. ती शिक्क्याची प्रत घडी घालून खिशात ठेवली जाते. तिला 'पोच' म्हणतात.

या कागदाला निवेदन म्हणतात, निषेध म्हणत नाहीत. पण पुढे जे काही होते त्याचे बीज त्यातच असते. पुढची पायरी धरणे असेल, उपोषण असेल, रास्ता रोको असेल किंवा नुसत्या काळ्या फिती असतील. इंग्रजीत या सगळ्याला 'प्रोटेस्ट' हा एकच शब्द पुरतो. मराठी वाहिन्यांनी आणि वर्तमानपत्रांनीही आता सगळ्याला 'आंदोलन' म्हणायला सुरुवात केली आहे. मला यात मोठे नुकसान दिसते. मराठीत नकार नोंदवण्याच्या प्रत्येक रीतीला वेगळे नाव आहे. त्या रीतीत त्रास कोण सोसणार, कोणाचे काम अडणार आणि साक्षीदार कोण असणार, हे त्या नावातच सांगितलेले असते. या लेखात त्या नावांचा आढावा घेतो आहे. उदाहरणे शक्य तितकी जवळची, बुलढाणा-वऱ्हाडातली घेतली आहेत. जिथे गरज पडली तिथे महाराष्ट्रभरची.

शब्द मुळात काय सांगतात

'प्रोटेस्ट' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी 'सर्वांसमोर साक्ष देणे' हा अर्थ आहे. विरोध हा अर्थ नंतर चिकटला. 1529 साली जर्मनीतल्या श्पायर इथल्या सभेत काही राजांनी आणि शहरांनी धर्माच्या बाबतीतला बहुमताचा ठराव आपल्याला मान्य नसल्याचे लेखी जाहीर केले, त्यावरून त्यांच्या पंथाला प्रोटेस्टंट हे नाव पडले. व्यापारात हा जुना अर्थ अजून टिकून आहे. हुंडी वटली नाही तर नोटरीकडून त्याची नोंद करून रीतसर 'प्रोटेस्ट' काढण्याची तरतूद 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यात आहे. तिथे घोषणा नसतात आणि गर्दीही नसते. पैसे मागितले, मिळाले नाहीत, एवढ्याची ती अधिकृत साक्ष.

आमच्या शेतकऱ्यांना हा शब्द भूसंपादनाने शिकवला. धरण, कालवा किंवा रस्त्यासाठी जमीन गेली की मोबदल्याच्या कागदावर सही करताना जाणती माणसे सांगतात, 'अंडर प्रोटेस्ट लिहून मगच उचल.' त्यामागे पक्के कायदेशीर कारण होते. 1894 च्या भूसंपादन कायद्यात, जो मोबदला हरकत न नोंदवता स्वीकारेल त्याला वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे संदर्भ मागता येत नसे. दोन शब्द लिहिले तर दार उघडे राहायचे; विसरले तर कायमचे बंद व्हायचे. ज्या घराची सारी जमीन पाण्याखाली जायची होती, त्याच्या हातात उरलेला निषेध तेवढाच होता. निषेध किती लहान असू शकतो आणि तरी किती मोलाचा, हे मला याच उदाहरणातून कळले.

आता मराठी शब्द. 'निषेध' संस्कृतातून आला आणि त्याचा अर्थ मनाई. शास्त्राने 'हे कर' म्हटले तो विधी, 'हे करू नको' म्हटले तो निषेध. म्हणून आपण 'विधिनिषेध न पाळणारा माणूस' म्हणतो. म्हणजे मुळात निषेध करण्याचा अधिकार शास्त्राचा, राजाचा, वडीलधाऱ्यांचा. आज तो शब्द ज्याच्या हाती कसलाही अधिकार नाही त्याच्या तोंडी आहे. चौकात उभा राहून 'जाहीर निषेध' म्हणणारा माणूस सत्तेला 'हे करू नको' असे बजावत असतो. शब्दाने मालक बदलला, आणि हा बदल मला लोकशाहीच्या सगळ्यांत सुंदर खुणांपैकी एक वाटतो.

'आंदोलन' म्हणजे झोका, हेलकावा. विज्ञानात लंबकाच्या हालचालीला दोलन म्हणतात, ते याच कुळातले. स्थिर झालेल्या गोष्टीला हलवणे हा त्यातला भाव. 'चळवळ' चळण्यातून आली. ती आंदोलनापेक्षा लांब पल्ल्याची. आंदोलन सात दिवसांत संपू शकते, चळवळीला पिढी लागते. 'मोर्चा' थेट रणांगणावरून आला. किल्ल्याला वेढा घालताना तोफांसाठी आणि सैनिकांसाठी जी आडोशाची जागा बांधत तो मोर्चा. 'मोर्चेबांधणी' या शब्दात तो अजून जिवंत आहे. 'संप' हा शब्द गुजरातीत एकोपा या अर्थाने वापरतात, आणि एकोपा नसेल तर संप होत नाही हे कुठलाही कामगार सांगेल. पोथीतली चूक झाकायला ज्या पिवळ्या खनिजाचा लेप देत त्याचेही नाव हरताळ, आणि 'नियमाला हरताळ फासणे' हा वाक्प्रचार त्यावरून आला. दुकानांना कुलूप लावण्याचा 'हरताळ' वेगळा, पण बोलताना दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत.

दारात बसणे

या सगळ्यांत जुनी रीत धरण्याची. धनको ऋणकोच्या दारात येऊन बसे आणि पैसे मिळेपर्यंत अन्नपाणी घेत नसे. दारात माणूस उपाशी असताना घरातल्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. बसणारा ब्राह्मण किंवा साधू असेल तर पापाची भीती वेगळीच. इंग्रजांना ही पद्धत इतकी डाचली की 1860 च्या भारतीय दंड संहितेत, ईश्वरी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावण्याच्या गुन्ह्याखाली, कलम 508 मध्ये, दारात धरणे धरून बसण्याचे उदाहरणच दिले आहे. एका देशी शब्दाला गुन्ह्याचा दाखला म्हणून जागा मिळाली.

आज तहसीलीसमोर मंडप टाकून जे धरणे होते त्याचे मूळ हेच. धनको आता नागरिक आहे आणि ऋणको सरकार. 'आमचे देणे बाकी आहे' हे त्यातले मूळ वाक्य बदललेले नाही. पीकविम्याच्या रकमेसाठी किंवा अतिवृष्टीच्या अनुदानासाठी बसलेला शेतकरी शब्दशः आपले येणे मागत असतो. त्याला 'आंदोलक' म्हटले की तो कुणीतरी त्रास देणारा वाटतो. 'धरणे धरून बसलेला' म्हटले की तो येणेकरी आहे हे लक्षात येते.

धरण्यात उपास मिसळला की उपोषण. त्याच्याही पायऱ्या आहेत आणि गावातल्या माणसाला त्या पाठ असतात: एका दिवसाचे लाक्षणिक, आळीपाळीने बसायचे साखळी, मग बेमुदत, आणि शेवटी आमरण. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी 1 मे 1947 पासून उपोषणाला बसले आणि दहा दिवसांत मंदिराचे दार उघडले. आमच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत, मनोज जरांगे 29 ऑगस्ट 2023 रोजी मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. 1 सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि एका गावातले उपोषण राज्याचा प्रश्न बनले.

'अन्नत्याग' हा शब्द शेतकऱ्यांनी उपोषणापासून वेगळा काढला आहे आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले. त्या दिवसाची आठवण म्हणून 2017 पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेने अनेक जण दर 19 मार्चला एक दिवस जेवत नाहीत. मोर्चा नाही, मागणीची मुदत नाही. अन्न पिकवणाऱ्यासाठी एक दिवस अन्न बाजूला ठेवायचे, इतकेच. 'सर्वांसमोर साक्ष देणे' हा जुना अर्थ मला इथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो.

याच वाटेच्या टोकाला 'त्रागा' आहे. आज आपण चिडचिडीला त्रागा म्हणतो. जुना त्रागा म्हणजे स्वतःला इजा करून घेऊन त्याचे पाप दुसऱ्याच्या माथी मारणे. आत्मदहनाचा इशारा हे त्याचे आजचे रूप. स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताक दिन जवळ आला की असे इशारे वाढतात, कारण त्या दिवशी ध्वजापुढे सगळे अधिकारी हजर असतात. 11 फेब्रुवारी 2023 रोजी बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर शेतकरी नेते रविकांत तुपकर यांनी पीकविमा आणि सोयाबीन-कापसाच्या प्रश्नावर आत्मदहनाचा प्रयत्न केला. पोलिसांनी त्यांना रोखले, लाठीमार झाला, अटक झाली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा सरसकट गुन्हा राहिलेला नाही. पण लोकसेवकाला काही करायला भाग पाडण्यासाठी किंवा करण्यापासून रोखण्यासाठी तसा प्रयत्न केला तर कलम 226 खाली एक वर्षापर्यंत साध्या कैदेची तरतूद आहे. म्हणजे कायद्याने बाकी सगळे वगळून त्रागा तेवढा नेमका वेगळा काढला.

माझे मत स्पष्ट आहे. जीव पणाला लावणारी ही वाट कुणी धरू नये आणि कुणी तिचे कौतुकही करू नये. पण ती वाट ज्या दारापासून सुरू होते ते दार निवेदनाचे असते, हे प्रशासनानेही विसरू नये.

चालणे

बसण्याच्या उलट चालणे. 'दिंडी' हा शब्द वारकऱ्यांचा. डिसेंबर 1980 मध्ये शेतमालाच्या भावासाठी शरद पवारांच्या नेतृत्वाखाली जळगावहून नागपूरकडे शेतकरी दिंडी निघाली, तेव्हा तो राजकारणात आला. दिंडी म्हटले की ओळखीचा रस्ता, गावोगावची भाकरी आणि शिस्त डोळ्यांपुढे येते. मोर्चा म्हटले की वेढा आठवतो. नाव निवडतानाच नेत्याने आपला सूर निवडलेला असतो.

'लाँग मार्च' चीनमधून आला. 1934 मध्ये माओच्या सैन्याने काढलेल्या त्या पायपिटीचे नाव. पण आमच्या जिल्ह्यात या शब्दाचा अर्थ वेगळाच आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे असा ठराव विधिमंडळाने जुलै 1978 मध्ये केला. मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले आणि ठराव अमलात आला नाही. म्हणून 11 नोव्हेंबर 1979 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरून जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली लाँग मार्च औरंगाबादकडे निघाला. रोज तीसेक किलोमीटर चालत हे लोक विदर्भातून बुलढाणा जिल्ह्यात आले. इथे खडकपूर्णा नदीजवळ त्यांना अडवले, लाठीमार झाला, अटका झाल्या. औरंगाबाद अजून पुढे होते. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी, म्हणजे ठरावानंतर पंधरा वर्षे उलटून गेल्यावर. मार्च नदीवर थांबला, चळवळ थांबली नाही. आंदोलन आणि चळवळ यांतला फरक समजून घ्यायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

मार्च 2018 मध्ये किसान सभेच्या लाल टोप्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईला सहा दिवसांत सुमारे 180 किलोमीटर चालत गेला. 12 मार्चला मुंबईत दहावीचा पेपर होता. दिवसभर चालून थकलेल्या त्या आदिवासी शेतकऱ्यांनी विश्रांती सोडली आणि 11 तारखेच्या रात्री चालून पहाटेपूर्वी आझाद मैदान गाठले. मुलांच्या परीक्षेला उशीर होऊ नये एवढ्यासाठी. मुंबईकर पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन रस्त्यावर आले. आपल्या निषेधाची किंमत दुसऱ्याच्या लेकरांनी मोजू नये, या एका निर्णयाने त्या मोर्चाने शहर जिंकले.

मूक मोर्चाने बोलायचेच सोडले. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचार आणि हत्येच्या घटनेनंतर 9 ऑगस्ट 2016 रोजी औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत, बुलढाण्यातही, लाखोंची गर्दी घोषणा न देता चालली. पुढे मुली, मागे नेते. त्याच्या नेमके उलट टोक म्हणजे लाटणे मोर्चा. 1972 मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत मुंबईच्या बाया स्वयंपाकघरातली लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. गावाकडे त्याचे भावंड हंडा मोर्चा. मे महिन्याच्या उन्हात बाया रिकामे हंडे घेऊन कचेरीच्या पायऱ्यांवर बसतात. कुणीतरी हंडा पालथा करून त्यावर थाप मारते, तो पोकळ आवाज आतल्या टेबलापर्यंत पोहोचतो. भाषणाची गरज उरत नाही.

थांबवणे

तिसरी रीत काम थांबवण्याची. यात पहिला मान मुंबईच्या न्हाव्यांना द्यायला हवा. 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून, विधवांचे केस कापणार नाही असे म्हणत त्यांनी संप केला. मजुरीचा प्रश्न नव्हता. 'हे काम माझ्या हातून होणार नाही' असे ते म्हणत होते. संपाचा हा सगळ्यांत उंच अर्थ. 22 जुलै 1908 रोजी लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. वर्षाला एक दिवस. रायगड जिल्ह्यातल्या चरी गावाने 27 ऑक्टोबर 1933 पासून नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांची जमीन कसायचीच नाही असे ठरवले आणि जवळपास सहा वर्षे ते पाळले. पोटाला चिमटा घेऊन पाळले. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही आणि गिरणगावच संपले.

संपाचे गणित कठोर आहे. ज्याचे काम थांबल्याने दुसऱ्याचे अडते त्याचाच संप चालतो. म्हणून जून 2017 मध्ये पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संपाची हाक दिली तेव्हा सगळे चमकले. शेतकरी तर मालक, तो कसा संप करणार? त्यांनी दूध आणि भाजीपाला शहराला पाठवायचे थांबवले आणि कर्जमाफीची घोषणा झाली. पण रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे दृश्य पाहताना वाईट वाटले नाही असा शेतकरी मला भेटला नाही. 2021 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटी कर्मचारी राज्य सरकारमध्ये विलीनीकरणासाठी संपावर होते. आमच्यासारख्या तालुक्यांत, जिथे रेल्वे नाही, एसटी बंद म्हणजे कॉलेज बंद आणि दवाखाना लांब. कर्मचाऱ्यांचे दुःख खरे होते. थांब्यावर उभ्या राहिलेल्या पोरींचेही खरे होते. संपात नेहमीच दोन खरी दुःखे समोरासमोर येतात.

'रास्ता रोको' घराघरांत नेला तो शेतकरी संघटनेने. 1980 मध्ये शरद जोशींनी चाकणला कांद्याच्या भावासाठी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्यामागचा विचार असा की गावाचा माल ज्या रस्त्याने स्वस्तात शहरात जातो तोच रस्ता अडवावा. रस्ता ही नुसती सोय नव्हती, ती वादाची जागा होती. आज कुठल्याही कारणाने कुठलाही रस्ता अडतो तेव्हा तो अर्थ हरवतो. 'बंद' तर संपाच्याही पुढे गेला, कारण संपात माणूस स्वतःचे काम थांबवतो, बंदमध्ये दुसऱ्याचेही थांबवतो. म्हणूनच बंदवर न्यायालयांची नजर कडक राहिली. 1997 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. 30 जुलै 2003 च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने 2004 मध्ये शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी 20 लाख रुपये दंड केला.

करून दाखवणे

चौथी रीत मला सगळ्यांत श्रेष्ठ वाटते: जे नाकारले आहे ते सरळ करून टाकायचे. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले. कोणाला अडवले नाही, काही थांबवले नाही. नगरपालिकेने तळे आधीच खुले ठरवले होते. ते खुले आहे याची साक्ष पाणी पिऊन दिली. सत्याग्रह शब्दाचा अर्थ एका ओंजळीत मावला. 1921 मध्ये मुळशीचे मावळे धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर उभे राहिले तेव्हा तेही आपल्याच शेतात ठाम बसले होते.

वऱ्हाडात समुद्र नाही. मग 1930 चा मिठाचा सत्याग्रह करायचा कसा? अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे पाणी आटवून मीठ केले. जे पाणी पिण्याला निकामी म्हणून लोक बोल लावत, तेच पाणी कायदेभंगाला कामी आले. ज्यांना तेही शक्य नव्हते त्यांनी जंगल सत्याग्रह केला. 10 जुलै 1930 रोजी पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून अटक करवून घेतली. एक मूठ मीठ, एक पेंडी गवत, एक ओंजळ पाणी. या रीतीत वस्तू नेहमी लहान असते आणि कायदा उघडा पडतो.

लिहिणे

पाचवी रीत कागदाची, आणि तिचे ठळक उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. या निमित्ताने वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली. बुलढाण्यात राहणाऱ्या, सत्यशोधक घरातल्या ताराबाई शिंदे यांनी ते वाचले आणि 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून छापले. जे दोष बायकांचे म्हणून सांगता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सरळ प्रश्न. त्यांच्यामागे मोर्चा नव्हता, संघटना नव्हती. महात्मा फुले त्यांच्या बाजूने लिहून उभे राहिले. मग ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेले, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून पुढे आणले. साक्ष नोंदवलेली असली की ती नव्वद वर्षांनीही उभी राहू शकते.

लोणारच्या सरोवराची गोष्टही या रीतीत बसते. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर. पाणी खारट आणि अल्कधर्मी; नावातच लवण. गावाचे सांडपाणी, काठावरची बांधकामे, विवरात माजलेली वेडी बाभूळ यांबद्दल कळकळीच्या माणसांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या. फरक पडू लागला तो 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाल्यावर. जून 2020 मध्ये पाणी गुलाबी झाले, जगभर छायाचित्रे गेली, तेव्हा याचिका आधीच सुरू होती. म्हणून न्यायालयाला लगेच विचारता आले की हे कशाने झाले. नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे नमुने गेले आणि खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव हे कारण निघाले. त्याच नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा मिळाला.

याचिकेला कुणी आंदोलन म्हणत नाही. तिला झेंडा नाही, मंडप नाही. पण तळ्याला तोंड नसते. त्याच्या वतीने कुणीतरी साक्ष द्यावी लागते. ती वर्षानुवर्षे, तारखेमागून तारखेला देत राहणे हा निषेधाचा सगळ्यांत कंटाळवाणा आणि म्हणून सगळ्यांत दुर्मीळ प्रकार आहे.

नाव नीट का घ्यावे

राज्यघटनेच्या कलम 19 ने शांततेने, शस्त्राविना जमण्याचा हक्क दिला. त्याची सीमा न्यायालये आखत राहतात. 2020 मध्ये शाहीनबागच्या निकालात सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आझाद मैदानावरच्या मराठा उपोषणाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाला भोवतालच्या रस्त्यांबद्दल बोलावे लागले. या निकालांत प्रश्न प्रत्येक वेळी तोच असतो: त्रास कोणाला होतो आहे?

हाच प्रश्न आपले शब्द आधीपासून विचारत आले आहेत. उपोषणात त्रास स्वतःला. संपात स्वतःला आणि मालकाला. बंदमध्ये तिऱ्हाइताला. सत्याग्रहात शिक्षा आपण होऊन मागून घेतलेली. धरण्यात समोरच्याच्या मनाला. आणि 'जाहीर निषेध' करून घरी परतण्यात कोणालाच नाही, म्हणून तो सोपाही आणि पोकळही. सगळ्याला 'आंदोलन' म्हणणाऱ्या बातमीत हा हिशेब पुसला जातो. मग उपाशी बसलेला म्हातारा आणि दुकानांवर दगड मारणारे टोळके एकाच मथळ्याखाली येतात आणि वाचकाला दोघांचाही सारखाच कंटाळा येतो. अन्याय त्या म्हाताऱ्यावर होतो.

म्हणून माझे मागणे दोघांकडे आहे. लिहिणाऱ्यांनी नाव नीट घ्यावे: धरणे असेल तर धरणे, संप असेल तर संप, बंद असेल तर बंद. आणि कचेरीत बसणाऱ्यांनी पहिला कागद वाचावा. निवेदनापासून आत्मदहनाच्या इशाऱ्यापर्यंत जी शिडी आहे तिची प्रत्येक वरची पायरी खालची पायरी न ऐकल्यामुळे चढली जाते. मला कुणी हौसेने उपाशी बसलेले आजवर दिसलेले नाही.

प्रोटेस्ट म्हणजे मुळात साक्ष, हे सुरुवातीला म्हटले. साक्षीला दोन बाजू लागतात. सांगणारी आणि नोंदवून घेणारी. आवक विभागात त्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसतो तेव्हा राज्य एवढेच कबूल करते की या तारखेला या माणसाने हे सांगितले आणि आम्हाला ते कळले. म्हणून तर आमच्याकडची माणसे ती पोच जपून ठेवतात, कपाटात, सातबाराच्या पिशवीत, कधी देवघरातल्या फोटोमागे. मागणी मान्य होईल की नाही, ते पुढचे. आपण सांगितले होते, याचा पुरावा त्यांना हवा असतो.